पावसात पेटणारे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे दिवे: दोष नेमका शोधण्याची पद्धत

एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागच्या जागी घसरून फिरू न देणारी यंत्रणा) यांचे पिवळे दिवे मीटरवर एकदम पेटतात, गॅरेजमध्ये एक सेन्सर बदलला की विझतात आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पेटतात, ही तक्रार कोकणात पावसाळा सुरू होताच ऐकू येऊ लागते. माझ्या गाडीला हा अनुभव एकाच पावसाळ्यात तीन वेळा आला. पहिल्यांदा जूनमध्ये, चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात मुसळधार पावसात दोन्ही दिवे पेटले. गॅरेजमध्ये स्कॅनरवर डाव्या पुढच्या चाकाचा कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, निघाला आणि सेन्सर बदलण्यात आला. ऑगस्टमध्ये तेच दिवे, तोच कोड. नवा सेन्सरच सदोष निघाला असे सांगून तो पुन्हा बदलला गेला. सप्टेंबरच्या अखेरीस तिसऱ्यांदा दिवे पेटले तेव्हा एबीएसचे संपूर्ण मॉड्यूल, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलावे लागेल असे सांगण्यात आले आणि त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. पुढचे दोन रविवार मी स्वतः तपासणी केली आणि दोष सापडला. तो सेन्सरमध्येही नव्हता आणि मॉड्यूलमध्येही नव्हता. ती तपासणी ज्या क्रमाने करायला हवी होती, तो क्रम पुढे दिला आहे.

दिवा काय सांगतो आहे

चावी ऑन केल्यावर एबीएसचा पिवळा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. काही गाड्यांत तो गाडी थोडी वेगात आल्यावरच विझतो. जुनी गाडी विकत घेताना हा दिवा चावी ऑन केल्यावर मुळीच पेटत नसेल तर दोष लपवण्यासाठी तो निकामी केला असण्याची शक्यता गृहीत धरावी. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुरातून निघालेली गाडी घेताना ही एक तपासणी तरी विसरू नये.

केवळ पिवळा दिवा पेटलेला असेल तर नेहमीचे ब्रेक चालू असतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ नयेत यासाठी असलेली मदत बंद झालेली असते, म्हणून ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवून, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर राखून गाडी चालवता येते. मात्र एबीएसच्या पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे हे पाहावे. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा दाब वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी चालवत नेण्याचा प्रयोग घाटात तर कुणीही करू नये. गाडी ओढून न्यावी.

घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला दिवा चिखलात किंवा ओल्या चढावर लुकलुकत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल काम करीत आहे आणि तो दोष नाही. तोच दिवा स्थिर पेटून राहिला तर यंत्रणा बंद आहे. ‘ऑफ’ असे लिहिलेला दिवा पेटला असेल तर आधी डॅशबोर्डवरील बटण चुकून दाबले गेले आहे का ते पाहावे. हे सांगताना संकोच वाटतो, पण या एका बटणासाठी गॅरेजपर्यंत गेलेले लोक मी पाहिले आहेत.

दोन-तीन दिवे एकदम पेटले म्हणजे दोन-तीन दोष झाले, असे समजून घाबरू नये. चारही चाकांजवळ प्रत्येकी एक व्हील स्पीड सेन्सर असतो. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि गाडीचा तोल सावरणारी यंत्रणा या तिन्ही त्याच चार सेन्सरांच्या वेगमापनावर आणि ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या त्याच एका हायड्रॉलिक युनिटवर अवलंबून असतात. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की तिन्ही यंत्रणा जाणीवपूर्वक बाजूला होतात, कारण चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडणे हे ब्रेक न सोडण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. त्यामुळे ही तक्रार आता महागड्या गाड्यांपुरती राहिलेली नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी

पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी आधी पाहाव्यात. ब्रेक ऑइलची पातळी डब्यावरील दोन खुणांच्या मध्ये असावी. ती खाली गेली असेल तर लगेच ऑइल भरून मोकळे होऊ नये. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड पाहावेत, आणि पॅड चांगले असतील तर गळती शोधावी. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान चार्जिंग असते. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली जाते की एबीएसचे मॉड्यूल तो दोष म्हणून नोंदवते. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा पेटतो आणि दुसऱ्या स्टार्टला जातो, अशी तक्रार असेल तर संशय प्रथम बॅटरीवरच घ्यावा.

चारही टायर एकाच मापाचे आहेत का आणि हवा सारखी आहे का हेही पाहावे. लहान आकाराची स्टेपनी लावून लांबचा प्रवास केला तर ते चाक इतरांपेक्षा वेगाने फिरते आणि यंत्रणेचा गोंधळ उडतो. मागचे ब्रेक दिवे पेडल दाबताच लागतात ना, हे कुणाला तरी मागे उभे करून पाहून घ्यावे, कारण ब्रेक पेडलजवळचा स्विच खराब झाला तरी मीटरवरील एबीएस-ट्रॅक्शनचे दिवे पेटू शकतात. शेवटी एबीएसचे फ्यूज पाहावेत. बहुधा एकापेक्षा जास्त असतात आणि पंपाचा मोठा फ्यूज इंजिनाच्या बाजूच्या पेटीत असतो.

कोड वाचणे आणि कोडचा अर्थ लावणे

बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो, आणि तो स्वतःकडे नसेल तर गॅरेजमध्ये कोड वाचून घेऊन त्याचा फोटो काढून ठेवावा. कोड पुसण्याआधी लिहून घेतला नाही तर हातातला एकमेव पुरावा आपणच नष्ट करतो. चेसिसचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात. सर्वसाधारण पद्धतीत सी००३५ म्हणजे डावे पुढचे चाक, सी००४० उजवे पुढचे, सी००४५ डावे मागचे आणि सी००५० उजवे मागचे. मात्र अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील अर्थच प्रमाण मानावा.

माझे दोन सेन्सर नाहक का बदलले गेले याचे उत्तर इथेच आहे. स्कॅनरच्या पडद्यावर ‘डावा पुढचा व्हील स्पीड सेन्सर’ असे शब्द येतात आणि वाचणारा सेन्सर मागवतो. वास्तविक कोड सुटा भाग सांगत नाही, तो केवळ सर्किट सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, सेन्सरसमोर फिरणारी दात्यांची किंवा चुंबकीय रिंग येते, बेअरिंग येते, वायर येते, वायरी एकमेकींना जोडणारे प्लग म्हणजे कपलर येतात आणि शेवटी मॉड्यूलची पिन येते. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी पडद्यावर शब्द तेच उमटतात.

म्हणून कोड वाचल्यावर पुढची पायरी थेट आकडे पाहण्याची आहे. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावावेत, दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला सांगावे आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास गाडी नेऊन चारही आकडे न्याहाळावेत. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये, ही अट मी घरच्यांनाही घालतो. एक आकडा सतत शून्य असेल तर वायर तुटलेली, सेन्सर निकामी झालेला किंवा रिंगमधील चुंबकत्व नष्ट झालेले असते. आकडा वेग असताना ठीक राहतो आणि थांबण्याच्या बेतात इतरांच्या आधीच शून्य होतो, तेव्हा सेन्सर आणि रिंग यांतील फट वाढलेली असण्याची शक्यता अधिक. आकडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा दचकत असेल तर रिंगला तडा गेलेला आहे किंवा दाता तुटलेला आहे. आणि एकच आकडा सातत्याने थोडा जास्त दिसत असेल तर त्या टायरमध्ये हवा कमी आहे की टायर वेगळ्या मापाचा आहे ते पाहावे.

एक लक्षण असे आहे की ज्यात दिवा पेटतच नाही. कोरड्या रस्त्यावर सिग्नलला हळूच थांबताना, अगदी ताशी ५ ते १० किलोमीटर वेग उरलेला असताना, पेडलखाली घरघर होते आणि गाडी अपेक्षेपेक्षा हातभर पुढे सरकते. बहुतेक वेळा हा गंजलेल्या किंवा तडकलेल्या रिंगचा परिणाम असतो. एका चाकाचे आकडे विस्कळीत झाल्यामुळे यंत्रणेला ते चाक लॉक होते आहे असे वाटते आणि ती ब्रेक सोडते. दिवा नाही म्हणून हे दुर्लक्षित राहते, पण माझ्या मते पेटलेल्या दिव्यापेक्षा हा दोष अधिक गंभीर आहे, कारण इथे यंत्रणा बाजूला न होता चुकीचे काम करीत असते.

चाकाजवळची तपासणी

सपाट जमिनीवर गाडी उभी करून, चाकांना अडथळे लावून, जॅकने उचलून ती घोडीवर (भक्कम लोखंडी आधारावर) टेकवल्याशिवाय चाक काढू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते.

चाक काढल्यावर सेन्सर हबच्या मागे, एका लहान बोल्टने बसवलेला दिसतो. समुद्राजवळच्या गावांत तो आपल्या बैठकीत गंजून घट्ट रुततो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, दुसऱ्या दिवशी सेन्सर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सैल करावा. वायर धरून तो कधीही ओढू नये. निघाल्यावर त्याच्या टोकाला चिकटलेली लोखंडी धूळ पुसावी, पण टोक घासू नये. जिथे सेन्सर टेकतो ती जागा मात्र पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करावी. गंजाचा थर तिथे फुगला की सेन्सर किंचित वर उचलला जातो, आणि ही फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचीच असल्यामुळे तेवढ्या उचलण्यानेही सिग्नल दुबळा होतो.

सेन्सर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची तपासणी वेगवेगळी आहे. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेची गुंडाळी असते. मल्टीमीटरवर त्याचा रोध बहुधा ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान येतो आणि चाक हाताने फिरवले की लहानसा एसी व्होल्टेज दिसतो. दोन्ही पुढच्या चाकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे ही सर्वांत विश्वासार्ह कसोटी. नव्या प्रकारच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप असते, त्याला मॉड्यूलकडून वीज लागते आणि तो प्रवाहाच्या दोन पातळ्यांतून, साधारणपणे ७ आणि १४ मिलिअँपिअर, वेग कळवतो. या सेन्सरचा रोध मोजण्यात काही अर्थ नसतो आणि मल्टीमीटरच्या विजेने तो खराबही होऊ शकतो. तिथे चावी ऑन ठेवून वायरच्या बाजूने वीज येते का, एवढेच आधी पाहावे.

नव्या प्रकारात बहुधा रिंगला दाते नसतात. बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. अलीकडे बेअरिंग बदलले आणि तेव्हापासून दिवा पेटला, असे असेल तर बेअरिंग उलटे बसले आहे का हे विचारावे. चुंबकीय बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. कागद अडकवायची बारीक पिन सीलजवळ नेली की चुंबकीय बाजू ती हलकेच ओढते. बेअरिंग दाबून बसवण्यापूर्वी ही तपासणी करायला काही सेकंद लागतात. नंतर चूक कळली तर बेअरिंग पुन्हा ठोकून काढावे लागते आणि बहुधा ते वाया जाते.

वायर आणि कपलर

माझ्या गाडीत सेन्सर नवा होता, बैठक स्वच्छ होती, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता आणि कोरड्या दिवशी चारही आकडे एकसारखे येत होते. म्हणून पहिल्या रविवारी मला काहीच सापडले नाही. दुसऱ्या रविवारी मी चाकाच्या वरचे प्लास्टिकचे अस्तर काढले. सेन्सरची वायर तिथवर जाऊन एका कपलरने गाडीच्या मुख्य वायरिंगला जोडलेली असते. सेन्सर बदलताना या कपलरचा सेन्सरकडील अर्धा भाग नवा येतो, गाडीकडील अर्धा भाग जुनाच राहतो. मी कपलर सोडवला आणि गाडीकडच्या भागात टॉर्च मारला. दोन पिनांपैकी एक पितळी चमकत होती, दुसरीवर हिरवट पांढऱ्या भुकटीचा थर होता आणि तिच्या मुळाशी पाण्याचा थेंब होता. वायर जिथून कपलरमध्ये शिरते तिथले बारीक रबरी सील एका बाजूला दुमडून आत गेलेले होते.

या एका पिनेने संपूर्ण पावसाळ्याचा उलगडा केला. दर वेळी सेन्सर बदलताना कपलर काढला आणि घातला जाई, त्या घर्षणाने पिनेवरचा थर खरवडला जाई आणि जोडणी काही आठवडे चांगली राही. दिवा विझे तो त्या खरवडण्यामुळे. श्रेय मात्र सेन्सरला मिळे. पुन्हा पाणी शिरले की थर पुन्हा चढे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॉड्यूलचा कपलर सोडवला आणि तिथपासून या पिनेपर्यंतचा रोध मोजला, तेव्हा आकडा एक ओहमच्याही खाली होता. हातातला कपलर नुसता दाबून वाकवल्याबरोबर तोच आकडा शेकडो ओहमांत उडाला. वायर हलवताना मोजणे हे या तपासणीचे मर्म आहे. स्थिर वायर मोजली असती तर ती निर्दोष ठरली असती.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन चकचकीत करणे हा तात्पुरता उपाय आहे, कारण गंज वायरीच्या तांब्यातही आत शिरलेला असतो. मी वायर मागे कापत गेलो. पहिली दोन बोटे तांबे काळे निघाले, त्यापुढे ते लालसर स्वच्छ दिसले. तिथून नवा कपलर जोडला. सांधा डाख देऊन केला, त्यावर आत गोंद असलेली आणि उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आणि कपलरच्या तोंडात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे, पाणी अडवणारे) ग्रीस भरले. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणे या जागी टिकत नाही, कारण चाकाने उडवलेले पाणी तिथे दाबाने येते. वायर मूळच्या क्लिपांमध्येच बसवावी. शॉक अॅब्सॉर्बरचे काम झाल्यावर क्लिप लावायची राहून गेली तर स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला वायर ताणली जाते आणि बाहेरून अखंड दिसणाऱ्या आवरणाच्या आत तांबे तुटते. पावसाळ्यात उंदीर आणि घुशी इंजिनाच्या उबेला येतात, त्यामुळे कुरतडल्याच्या खुणाही याच वेळी पाहून घ्याव्यात.

मॉड्यूलवर दोष ठेवण्यापूर्वी

मॉड्यूल खरोखर निकामी होऊ शकते, विशेषतः पंपाच्या मोटरचा किंवा आतल्या व्हॉल्व्हचा कोड वारंवार येत असेल तर. पण एका चाकाच्या कोडवरून मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मान्य करू नये. त्याआधी मॉड्यूलला पूर्ण वीज मिळते का, त्याची अर्थिंगची तार जिथे बॉडीला बोल्टने कसलेली असते तिथे गंज आहे का, आणि त्याच्या मोठ्या कपलरमध्ये पाणी आहे का, हे पाहावे. संशयित चाकाचा सर्किट मॉड्यूलच्या पिनेपर्यंत निर्दोष आहे असे मोजून सिद्ध झाल्यावरच मॉड्यूलचा विचार करावा. मॉड्यूल बदलण्याचे काम घरी करू नये. हायड्रॉलिक युनिट उघडले की ब्रेकमधील हवा काढण्यासाठी अनेक गाड्यांत स्कॅनरची मदत लागते आणि नव्या मॉड्यूलला गाडीची ओळख करून द्यावी लागते.

फक्त ट्रॅक्शनचा दिवा पेटत असेल तर

एबीएसचा दिवा नाही आणि केवळ ट्रॅक्शन किंवा स्थिरतेचा दिवा आहे, तेव्हा चाकांकडे जाण्याआधी दोन ठिकाणी पाहावे. इंजिनाचा दिवा सोबत असेल तर आधी इंजिनाचा कोड सोडवावा. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची शक्ती कमी करायला सांगते आणि इंजिनाचा स्वतःचाच हिशेब बिघडलेला असला की ते ही विनंती पाळू शकत नाही, म्हणून ट्रॅक्शन बंद होते. दुसरे ठिकाण म्हणजे स्टिअरिंग किती फिरले हे मोजणारा सेन्सर. बॅटरी काढून लावल्यावर किंवा व्हील अलाइनमेंटनंतर त्याचा शून्यबिंदू हरवू शकतो. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले की तो पुन्हा सापडतो, इतरांत स्कॅनरनेच तो बसवावा लागतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहत असेल तर मात्र आधी अलाइनमेंट दुरुस्त करून घ्यावी.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवावे

कोड पुसल्यावर दिवा विझणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. कोड पुसून गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी, चारही आकडे पुन्हा पाहावेत आणि नंतर दोष ज्या परिस्थितीत येत होता ती परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी. वळणावर येत असेल तर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळणे घ्यावीत. पाण्यात येत असेल तर पाणी मारावे. मी नळी लावून डाव्या पुढच्या चाकाच्या आत दहा मिनिटे पाणी मारले, लगेच गाडी काढली आणि आकडे पाहत बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन परत आलो. चारही आकडे सोबत राहिले. त्यानंतर दोन पावसाळे गेले, दिवा पेटलेला नाही. तरीही मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरीपूर्वी, मी ते प्लास्टिकचे अस्तर काढतो, चारही कपलर उघडून पिना पाहतो आणि ग्रीस कमी वाटले तर पुन्हा भरतो.